टायमिंग बेल्ट नुसता टाकू की अख्खा किट घेऊ? कराडच्या ताईंना उत्तर

पत्र कराडच्या एका ताईंचं आहे, शाळेत शिक्षिका आहेत, थोडक्यात देतो.

"दादा नमस्कार. मागच्या वर्षी आम्ही सेकंडहँड डस्टर घेतली, २०१५ ची, डिझेल, ८५ वाली. आता ९४,००० किलोमीटर झालेत. आधीचे मालक म्हणाले होते की टायमिंग बेल्ट ६० हजारला बदललाय पण बिल काही सापडलं नाही. आमचे मिस्त्री म्हणतात नुसता बेल्ट टाकू, १,८०० चा बेल्ट आणि लेबर वेगळं, बाकी सगळं चांगलं आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात पंपासकट किट ९,५०० ला सांगितला. ऑनलाइन तोच किट ३,९०० ला दिसतोय, फोटोत डबा तर सेम आहे. सर्व्हिस सेंटरने सगळं मिळून २३,००० सांगितले. भाचा म्हणतो माझ्या स्विफ्टला कधीच बदलावा लागला नाही, उगाच घाबरवतात. आईला दर पंधरा दिवसांनी पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी बंद पडून चालणार नाही. नक्की काय घेऊ?"

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी ते आईंचं वाक्यच डोक्यात राहिलं, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतोय. मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर खूप वर्षं काढलीत आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचाच, आणि प्रत्येक वेळी माणूस बेल्टबद्दल विचारायचा. बेल्ट कुठला घेऊ, बेल्ट कितीला, बेल्ट टिकेल का. पण बेल्ट बऱ्याच वेळा स्वतःहून मरत नाही हो, त्याला मारतं त्याच्या शेजारचं बेअरिंग नाहीतर वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप. त्यामुळे किट निवडायचा म्हणजे खरं तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी बेअरिंगवाली पुली) आणि पंप निवडायचा, बेल्ट त्यांच्याबरोबर येतो असं समजा.

आधी भाच्याचं बघू, कारण घरातल्या माणसाचं म्हणणं मनात राहतं. तो खोटं बोलत नाहीये. स्विफ्टच्या डिझेलमध्ये जे १.३ लिटरचं इंजिन होतं त्याला टायमिंग चेन आहे, लोखंडी साखळी, ती इंजिनच्या आत ऑइलमध्ये फिरते आणि ठराविक किलोमीटरला बदलायची नसते. तुमच्या डस्टरचं इंजिन वेगळं आहे. ते रेनोचं १,४६१ सीसीचं के९के, आणि त्याला रबराचा दातेरी बेल्ट आहे. हेच इंजिन निसान टेरानो, सनी आणि मायक्रा डिझेल, लॉजी, महिंद्राची व्हेरिटो, एवढंच काय बाहेरच्या देशात मर्सिडीजच्या छोट्या गाड्यांतसुद्धा आलंय. म्हणजे इंजिन नावाजलेलं आहे, दमदार आहे, अॅव्हरेज तर विचारूच नका, पण बेल्ट वेळेवर बदलला तरच. दोन गाड्यांची तुलना इथे होतच नाही हे भाच्याला सांगा, त्याचाही गैरसमज जाईल.

आता हा बेल्ट करतो काय. खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वर कॅमशाफ्ट फिरतो, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. या दोघांना एका तालात ठेवायचं काम या बेल्टचं. के९केमध्ये तोच बेल्ट डिझेलचा हाय प्रेशर पंप पण फिरवतो आणि वॉटर पंप पण. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व बंद असलाच पाहिजे, आणि हे हायवेला मिनिटाला दोनएक हजार फेऱ्यांच्या हिशोबाने चाललेलं असतं. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात जरी सरकला तरी व्हॉल्व उघडा राहतो आणि पिस्टन खालून येऊन त्याच्यावर आदळतो. व्हॉल्व वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावंच लागतं. गाडी जागच्या जागी बंद, आणि परत स्टार्टर मारून बघायचा नाही, त्याने होतं तेवढं नुकसान अजून वाढतं.

आणि हे सांगून होत नाही. जुन्या इनोव्हाला निदान डॅशवर टी-बेल्ट असा दिवा लागतो, डस्टरला तसं काही नाही. बेल्ट बघूनही कळत नाही. पूर्वीच्या बेल्टला म्हातारपणी चिरा पडायच्या, आताचे एचएनबीआर नावाच्या रबराचे असतात, आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या आणि दातांवर नायलॉनचं कापड. वरून ते अगदी नवे दिसतात आणि आतल्या दोऱ्या थकलेल्या असतात. त्यामुळे मिस्त्री कव्हर उघडून "अजून चांगलाय की" म्हणाले तर त्याला काही अर्थ नाही, डोळ्याने ते कुणालाच दिसत नाही.

आधीच्या मालकाचं म्हणणं कदाचित खरं असेल. पण बिल नाही, कव्हरवर तारीख-किलोमीटरचा स्टिकर नाही, कोणत्या गॅरेजला केलं तेही माहीत नाही, तर तो बेल्ट बदललेला नाही असंच धरा. आणि बदललेला असला तरी त्या वेळी टेन्शनर आणि पंप बदलला का हे कोण सांगणार. सर्व्हिस बुकमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं, लोक फक्त किलोमीटर बघतात. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच. २०१५ ची गाडी आहे, ९४,००० झालेत, बिल नाही, त्यामुळे आता बदलू का नंतर बदलू हा विचारच करू नका, लगेच बदला.

नुसता बेल्ट का नको ते आता सांगतो, आणि हे मी घरात भोगलंय. माझ्या भावाकडे व्हेरिटो डिझेल होती, हेच इंजिन. एका गॅरेजने त्याला असंच सांगितलं की टेन्शनर चांगलाय, हाताने फिरतोय मस्त, बेल्ट टाकू. भावानेही मला न विचारता हो म्हटलं, दोन-अडीच हजार वाचले म्हणून. सात-आठ महिने गाडी छान चालली. मग एका सकाळी खेड शिवापूरच्या अलीकडे इंजिनमधून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, भावाला वाटलं फॅन बेल्टचा असेल, पुढे जाऊन दाखवू. पाच-सात मिनिटांत ठक ठक आणि बंद. टोईंग करून आणली, मी स्वतः कव्हर काढताना उभा होतो. बेल्ट नवाकोरा, त्यावरचा छाप सुद्धा वाचता येत होता, पण एका कडेने पूर्ण विंचरून गेलेला, कापसासारखे धागे बाहेर. आणि टेन्शनरचं बेअरिंग निळं-काळं पडलेलं, जळालेलं, आतलं ग्रीस कधीच संपलेलं. आठही व्हॉल्व नवे घालावे लागले, हेडचं काम, गॅस्केट, ऑइल, कूलंट सगळं धरून बिल साठ हजारांच्या वर गेलं. अडीच हजार वाचवायला गेलो होतो.

त्यातली ती एक गोष्ट लक्षात ठेवा, "हाताने फिरतोय मस्त". टेन्शनर हातात घेऊन बोटाने फिरवला आणि भिरभिऱ्यासारखा गरागरा फिरत राहिला तर लोकांना वाटतं वा काय फ्री आहे. उलटं असतं ताई. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, ते बोटाने फिरवलं की जडसर, गुपचूप, थोडंसंच फिरून थांबतं. जे आवाज करत मोकळं फिरत राहतं त्यातलं ग्रीस वाळलेलं किंवा संपलेलं असतं. तुम्ही स्वतः हे करून बघू शकता, जुना उतरवला की एका हातात जुना आणि एका हातात नवा घेऊन फिरवा, फरक बोटाला कळतो, त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही.

वॉटर पंपाचंही तसंच. तो याच बेल्टवर आहे. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, सील गळायला लागलं की तिथून कूलंट झिरपतं आणि वाळून डाग पडतो. तो कूलंट बेल्टवर आला की रबर खराब, आणि पंपाचं बेअरिंग अडकलं की बेल्ट गेलाच. आणि खर्चाचं बघा, के९केमध्ये बेल्टपर्यंत पोचायला चाक काढा, आतलं प्लॅस्टिक काढा, इंजिनला खालून आधार देऊन उजवीकडचं माउंटिंग सोडा, मग कव्हर, एवढं सगळं करून समोर आलेला पंप तसाच ठेवून बंद करायचा आणि वर्षभरात तो गळला की तेवढंच लेबर परत द्यायचं, कूलंट परत, आणि कूलंट सांडलेला बेल्ट परत नवा. म्हणून पंपासकटचा किट. याच्यात मी कुणालाही सवलत देत नाही.

आता डब्यांकडे येऊ, तुमच्या दुकानदाराने तीन डबे दाखवले असतील आणि तुम्हाला ते सगळे सारखेच वाटले असतील. गाडी बनवणारी कंपनी स्वतः बेल्ट बनवत नाही, ती गेट्स, काँटिनेंटल, डेको अशा बेल्टवाल्यांकडून घेते आणि बेअरिंग आयएनए, एसकेएफ अशांकडून. हेच लोक स्वतःच्या डब्यात पण किट विकतात. त्यामुळे डबा एसकेएफचा आणि आतल्या बेल्टवर दुसऱ्याच चांगल्या कंपनीचं नाव असं दिसलं तर डुप्लिकेट म्हणून घाबरू नका, बेअरिंगवाली कंपनी बेल्ट बाहेरून घेते, ते नेहमीचंच आहे. (एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे आणि आयएनए ज्या शेफलर ग्रुपची, त्यांचा तळेगावला, पिंपरी-चिंचवडकडच्या कितीतरी घरांची चूल या बेअरिंगवर पेटते, हे जाता जाता.)

डब्यावरचा नंबर वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे आणि तिथेच निम्मी फसवणूक पकडली जाते. डेकोचा नंबर केटीबी ने सुरू झाला तर बेल्ट आणि टेन्शनर, केटीबीडब्ल्यूपी असेल तर वॉटर पंप पण आहे. एसकेएफला व्हीकेएमए म्हणजे बिनपंपाचा, व्हीकेएमसी म्हणजे पंपासकट. काँटिनेंटलचा नंबर सीटी ने सुरू होतो, शेवटी के आणि आकडा असेल तर साधा किट, डब्ल्यूपी असेल तर पंपवाला. गेट्सला सुरुवातीला के शून्य म्हणजे साधा आणि केपी म्हणजे पंपासकट. आयएनएचा नंबर ५३० ने सुरू होतो, शेवटी १० असेल तर सहसा साधा, ३० असेल तर पंपवाला. दुकानात "किट आहे, किट आहे" म्हणून बिनपंपाचा डबा पंपवाल्याच्या भावात गळ्यात मारला जातो, दुकानदाराने मुद्दाम केलं असंच नाही, काउंटरवरच्या पोराला पण माहीत नसतं.

मग तुमच्या गाडीला कुठला नंबर. इथे "डस्टर डिझेलचा द्या" एवढं सांगून भागत नाही. के९के हे एक इंजिन नाही, त्याचे ढीगभर प्रकार आहेत, के९के च्या पुढे तीन आकडी नंबर असतो आणि तो इंजिनवरच्या प्लेटवर असतो, त्यावरून कधी टेन्शनर बदलतो, कधी पंप बदलतो. मिस्त्रींना सांगा की त्या प्लेटचा मोबाईलवर फोटो काढून द्या, आणि आरसीवरचा चासी नंबर पण जवळ ठेवा. या दोन गोष्टी घेऊन दुकानात जा आणि कॅटलॉगमधून नंबर काढायला लावा. जो दुकानदार हे न बघता "सगळ्यांना हाच बसतो" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. नवा बेल्ट घालायच्या आधी जुन्याशेजारी ठेवून दात मोजा आणि रुंदी बघा, एक दात जरी कमी-जास्त असला तरी तो बेल्ट परत.

आता तुमचा तो ३,९०० चा ऑनलाइन किट. फोटोत डबा सेम आहे म्हणता, पण डबा छापायला किती लागतं ताई. दुकानात ९,५०० ला असलेली वस्तू कुणी ३,९०० ला देत असेल तर त्याच्यात बेअरिंग कुठलं आहे हा प्रश्न आधी पडला पाहिजे. भावाच्या गाडीत जुना टेन्शनर जळाला, पण डुप्लिकेट नवा टेन्शनर तर पहिल्या दिवसापासूनच तसा असतो. मी काउंटरवर असे डबे हाताळलेत, लांबून ओळखू येत नाहीत हे मान्य करतो. जवळून बघितलं की कळतं. टेन्शनरच्या धातूवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, डुप्लिकेटवर तो कधी नसतो, कधी वेडावाकडा, कधी पुसट शाईने नुसता छापलेला. खऱ्या बेल्टच्या कडा सुरीने कापल्यासारख्या साफ असतात, खोट्याच्या कडेला धागे लोंबतात आणि दातांच्या मध्ये रबराचे बारीक तुकडे चिकटलेले सापडतात. डब्याचं सील उघडून परत चिकटवलेलं असेल तर बोट फिरवल्यावर खरबरीत लागतं. शेफलरच्या डब्यावर एक चौकोनी कोड असतो, त्यांचं ओरिजिनचेक नावाचं अॅप आहे, त्याने स्कॅन करता येतो. एसकेएफचं पण एसकेएफ ऑथेंटिकेट अॅप आहे, फोटो पाठवले की ते तपासून सांगतात. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच उभं राहून करा, दुकानदाराला राग येत नाही, आला तर ते दुकान तुमच्यासाठी नाही.

सुटा बेल्ट, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाहीतर खिळ्याला टांगलेला, तो तर घेऊच नका, कितीही नाव छापलेलं असो. आणि चांगल्या डब्यातला बेल्ट पण दुकानात उन्हात खिडकीशी दोन-चार वर्षं पडलेला नको, बेल्टवर तारखेचा कोड असतो, ताजा माल मागा. घरी आणलात तर डब्यातच ठेवा, स्वयंपाकघरातल्या गॅसजवळ नाही, गाडीच्या डिकीत उन्हात नाही. आणि मेहेरबानी करून तो वाकवून, दुमडून, पिळून बघू नका. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, बेल्ट हातात घेतला की चार्जरच्या वायरीसारखा गुंडाळून "बघू किती लवचिक आहे" म्हणायचं. आतल्या काचेच्या दोऱ्या तिथेच तुटतात, वरून काही दिसत नाही, आणि बदनाम होते ती कंपनी.

मग तुम्ही काय घ्यावं. मला विचाराल तर माझी पहिली पसंती रेनोच्याच पार्ट्स काउंटरवरून चासी नंबर देऊन पंपासकटचा ओरिजिनल किट, आणि तो तुमच्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून बसवून घ्यायचा. २३,००० च्या एस्टिमेटमध्ये पार्टचे किती आणि लेबरचे किती ते वेगवेगळं लिहून मागा, बऱ्याचदा त्यात गरज नसलेलं क्लिनिंग वगैरे घुसवलेलं असतं. काउंटरवर नुसता पार्ट विकत मिळतो का ते विचारा. तिथे स्टॉक नसेल किंवा फार थांबवत असतील तर दुकानातला ९,५०० चा, मी वर सांगितलेल्या पाचांपैकी कुठल्याही एका कंपनीचा, नंबर जुळलेला, सील न उघडलेला, पक्क्या जीएसटी बिलावर, बिलात पार्ट नंबर लिहिलेला. या पाचांत अमुकच भारी अशी भांडणं लोक घालतात, मी त्यात पडत नाही, खरा माल असेल तर पाचही चालतात. नंबर जुळत असेल तर चुकीचा डबा म्हणजे खोटा डबा, दुसरा काही नाही.

त्याच्याबरोबर अजून दोन गोष्टी घ्या ज्या किटमध्ये सहसा नसतात आणि या इंजिनला फार महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे बाहेरचा बेल्ट, ज्याला आपण अजून फॅन बेल्ट म्हणतो, अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा. या इंजिनात तो बेल्ट जुना होऊन फाटला की त्याची पट्टी सुटते, क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरमध्ये ओढली जाते आणि चांगल्या टायमिंग बेल्टला उडवते. म्हणजे नवा किट टाकून पण गाडी जाऊ शकते, कारण शेजारचा बेल्ट जुना. त्यामुळे तो बेल्ट आणि त्याचा टेन्शनर पण आताच. दुसरी गोष्ट क्रँक पुलीचा बोल्ट, तो नवा घाला, जुनाच परत आवळायचा नाही. आणि कूलंट रेनोला टाईप डी लागतो, तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये, नाहीतर तयार मिक्स मिळतो तोच. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या पाण्याच्या क्षाराने नव्या पंपाचं सील खराब होतं.

आता तुमच्या मिस्त्रींबद्दल, कारण अर्धा किट माणसाच्या हातात असतो. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जुने मिस्त्री इंडिका डिझेलवर शिकलेत, तिला पण टायमिंग बेल्टच होता, पुल्यांवर व्हाइटनरची खूण करायची, जुना काढायचा, नवा चढवायचा, झालं. के९केला ही पद्धत धोक्याची आहे. या इंजिनाला दोन पिना लागतात, एक क्रँक योग्य जागी थांबवायला आणि एक कॅमची पुली अडकवायला, रेनोच्या टूलमध्ये त्यांचे नंबर १४८९ आणि १४३० आहेत. मिस्त्रींना सरळ विचारा, "तुमच्याकडे डस्टरच्या टायमिंगच्या पिना आहेत का?" आहेत म्हणाले आणि दाखवल्या तर काम त्यांनाच द्या. नाहीत, खुणेवर करतो म्हणाले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा साताऱ्यात हे इंजिन नेहमी करणारं गॅरेज शोधा, यात त्यांचा अपमान नाही, त्यांनाही ते कळेल. क्रँकचा बोल्ट ढिला करताना तीच पिन आधाराला वापरायची नाही, ती वाकते आणि मग टायमिंगच चुकतं. टेन्शनरवर एक छोटा काटा आणि खूण असते, ती जुळवून मगच टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायचा. बेल्ट चढला की स्टार्टर मारायच्या आधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, मग पिना परत बसतात का बघायचं, टेन्शनरची खूण जागेवर आहे का बघायचं. काही अडलं तर हातालाच कळतं आणि काही मोडत नाही. तुम्ही तिथे उभ्या राहणार असाल तर एवढी एकच गोष्ट बघा, हे दोन फेरे. ते न करता कुणी डायरेक्ट चावी मारायला निघालं तर थांबवा, बाईमाणूस काय सांगतेय असा चेहरा कुणी केला तरी थांबवा, गाडी तुमची आहे.

जुना बेल्ट, जुना टेन्शनर, जुना पंप तिन्ही पिशवीत घालून परत मागून घ्या, म्हणजे खरंच बदललंय हे कळेल. बिल, डब्यावरचं लेबल आणि आजचे किलोमीटर एका कागदावर लिहून सर्व्हिस बुकात चिकटवा, कव्हरवर मार्करने तारीख लिहायला सांगा. उद्या तुम्ही गाडी विकली तर घेणाऱ्याला तुमच्यासारखं पत्र लिहावं लागणार नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत, म्हणजे किट मागवून बसवेपर्यंत आठ-दहा दिवस जातील, तोवर गाडी गावातल्या गावात शाळेपुरतीच वापरा, किंवा त्याहूनही बरं म्हणजे उभीच ठेवा. आईंची पुढची तारीख त्याच आठवड्यात असेल तर पुण्याला डस्टर नेऊ नका. पुण्याहून परत येताना खंबाटकी चढताना इंजिनवर चांगलाच लोड येतो, संध्याकाळची वेळ, मागे ट्रक, आणि आजारी माणूस मागच्या सीटवर, तिथे गाडी बंद पडलेली मला कल्पनेतही नको. ओगलेवाडीहून सकाळी कोयना एक्सप्रेस आहे, आईंना खिडकीजवळची जागा बघा, एक फेरी तेवढी रेल्वेने करा. इंजिनच्या प्लेटचा फोटो हाताशी आला की तो तीन आकडी नंबर मला कळवा, डब्यावरचा नंबर त्याला जुळतोय का ते मी बघून सांगतो.